शेजारचे टेबल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा 'केंद्र सरकारच्या नोकरीतील अनुभव' असे काहीतरी सांगून आम्ही मोकळे झालो होतो. पुढे टिपणे काढावयास बसलो आणि ध्यानात आले की, बदल्या, बढत्या, वेतन आयोग आणि वार्षिक तपासण्या यांची वर्णने ऐकण्यात रविवारची सकाळ घालवावी असा कोणताही अपराध आपण श्रोत्यांनी केलेला नाही. तेव्हा विषय थोडा आवरता घेतला आहे. ज्या खोलीत आपण उमेदीची तीस-पस्तीस वर्षे काढतो, त्या खोलीत शेजारच्या टेबलाशी कोण बसते आणि त्याच्याशी आपण कसे वागतो, एवढ्यापुरतेच आज बोलावयाचे आहे. आपल्यापैकी पुष्कळजण सरकारी नोकरीतील, काही बँकांतील, काही कारखान्यांतील आहेत. टेबलाच्या जागी यंत्र किंवा काउंटर धरावा. बाकी फारसा फरक पडणार नाही.

आमची पहिली नेमणूक १९९३ साली लखनौस झाली. हिंदी आपल्याला येतेच, हा मराठी माणसाचा जुना समज आहे. सरकारचाही थोडाबहुत तोच समज असावा. कारण राजभाषेच्या प्रशिक्षणात दाक्षिणात्यांना 'प्रबोध'पासून आरंभ करावा लागतो, आणि मराठी, गुजराती, बंगाली मंडळींना एकदम 'प्रवीण'च्या वर्गात बसवितात. त्या समजाच्या बळावर पहिल्याच आठवड्यात आम्ही आमच्या वयोवृद्ध अधीक्षकांना मोठ्या अदबीने म्हणालो, 'तुम बैठो, मैं फाइल लाता हूँ.' आपल्याकडे वडीलधाऱ्यांना 'तुम्ही' म्हणतात. तोच मान आम्ही तेथे देऊ केला होता. ज्या शहरात पाळण्यातल्या पोरालाही 'आप' म्हणतात, त्या शहरात हे घडले! खोलीतील पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येऊ लागला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होते. दोनच दिवसांनी विभागातील एका ज्येष्ठ महिला सहकाऱ्यांना आम्ही 'बाई' अशी हाक मारली. ज्यांनी आम्हांस धुळाक्षरे शिकविली त्यांना आम्ही बाई म्हणत असू. त्याहून मोठा मान देण्यास आमच्यापाशी दुसरा शब्दच नव्हता. त्या प्रांतात मात्र त्या शब्दाने धुणीभांडी करणारी तरी समजली जाते, नाहीतर कोठ्यावर गाणारी. त्या उठल्या आणि सरळ अधीक्षकांकडे गेल्या. अधीक्षकांनी आम्हांस बोलाविले. परवाचा 'तुम' ते विसरले नसणारच. पण तरुणपणी ते दोन वर्षे नागपुरास होते. त्यांनी प्रथम त्या भगिनींना सांगितले की, यांच्या मुलखात हा गुरुपत्नीला आणि शिक्षिकेला लावावयाचा शब्द आहे. मग आमच्याकडे वळून म्हणाले की, आपल्या मुलखाचा शब्द आपल्या मुलखाच्या अर्थानेच ऐकला जाईल असे धरून चालू नका. नंतर तिघांसाठी चहा आला. आमच्या मनात खोट नव्हती हे खरे; पण त्या भगिनींना लागले होते, हेही तितकेच खरे. त्या वृद्ध गृहस्थांनी दोन्ही खरे मानले. पुढील बत्तीस वर्षांत अधिकारी म्हणून याहून चांगला निवाडा आमच्या पाहण्यात आला नाही.

ही हकीकत मंडळाच्या सहलींत आम्ही अनेकदा सांगितली आहे आणि आपण अनेकदा हसला आहात. सांगावयास ती सोयीची आहे, कारण तीत आम्ही अजाण आहो. नेहमीच आपण अजाण असतो असे नाही.

परमुलखात राहणाऱ्याला परकेपणाचे शल्य काय असते हे सांगावयाला नको. केंद्रीय कचेऱ्यांत ऐच्छिक सुट्ट्यांची एक लांबलचक यादी दरसाल निघते आणि तीतून दोन, केवळ दोन, निवडावयाच्या असतात. त्या यादीत गुढीपाडवा, उगादी आणि चेटीचांद एकाच ओळीत दाटीवाटीने बसविलेले असतात. या शहरातील आपली मंडळी त्या दोन सुट्ट्या पाडव्याला आणि गणेशचतुर्थीला खर्च करतात. मग गौरी, दसरा-दिवाळीला गावी जाणे, हे सारे अर्जित रजेच्या खाती. आपल्या सणाला रजेचा अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर होईपर्यंत मोदकाचे पीठ भिजवावयाचे की नाही ते ठरत नाही, याची आपण सर्वांनी तक्रार केली आहे. आम्हीही केली आहे. पण त्या दिवशी आपले टेबल कोण सांभाळते? आमचे एका मल्याळी सहकाऱ्याने ओळीने चार वर्षे सांभाळले. त्याचा ओणम कधी येतो, हे आम्ही त्याला पाचव्या वर्षी, त्याच्या निरोपसमारंभात विचारले.

महिला सहकाऱ्यांविषयी थोडे बोलतो. आमच्या आधीच्या पिढीतील नियम आज कोणास खरे वाटणार नाहीत. १९४९ साली परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या सी. बी. मुथम्मा यांना बढतीसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. त्या सेवेच्या नियमांत तेव्हा असे होते की, स्त्री अधिकाऱ्याने विवाहापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, आणि विवाहानंतर घरसंसारामुळे कामात अडथळा येतो असे सरकारला वाटल्यास तिला राजीनामा द्यावयास सांगता यावे. पुरुष अधिकाऱ्याच्या संसाराची अशी चौकशी कोणी केली नव्हती. १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक ताशेरे ओढले. पुढे १९९७ साली 'विशाखा' प्रकरणातील निकाल आला, २०१३ साली कायदा झाला, आणि आता दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक कचेरीत अंतर्गत समिती असावी लागते. तिच्या प्रमुख ज्येष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सभासद, आणि एक व्यक्ती बाहेरची. आम्ही अशा समित्यांच्या स्थापनेचे आदेश स्वतः काढले आहेत. आदेश काढणे सोपे असते.

त्या कायद्यापूर्वीची गोष्ट. आमच्या हाताखाली एक तरुण लघुलेखिका नव्याने आल्या होत्या. दुपारच्या चहाला विभागातील तीन-चार जुनी मंडळी एकत्र जमत आणि त्यांच्यात जे विनोद चालत ते या सभेत सांगता येणार नाहीत. चहा आला की या बाई उठून बाहेर जात. विभागात त्यांच्याविषयी 'फार शिष्ट आहेत' असे मत झाले, आमचेही झाले. एके दिवशी त्यांनी टेबल बदलून मागितले. आम्ही कारण विचारले नाही. ताबडतोब त्यांचे टेबल उचलून दाराजवळ ठेवविले आणि अधिकारी असावा तर असा, असे स्वतःशी म्हटले. दाराजवळ उन्हाळ्यात झळा येत आणि हिवाळ्यात वारा. ज्यांचे विनोद चालू होते त्यांची टेबले पंख्याखालीच राहिली. टेबल हलवावयाचेच होते तर कोणाचे, हा प्रश्न आम्हांस बदली झाल्यावर, आगगाडीत सुचला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मात्र तिच्या आधी बडोद्याची एक गोष्ट सांगणे भाग आहे. बडोदे म्हणजे महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाचे अभिमानस्थान. सयाजीराव महाराजांसारखा उदारमतवादी राजा, १९०६ साली राज्यभर सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करणारा. याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ साली अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेले आणि करारानुसार १९१७ साली बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू झाले. पुढे काय झाले ते त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकीत. कचेरीत त्यांना प्यावयास पाणी मिळेना. राहावयास जागा कोणी देईना, म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तेथून बाहेर काढले. गाडीला वेळ होता, तो त्यांनी कमाटी बागेत बसून काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

आम्हांस या हकीकतीत नेहमी एक गोष्ट विचारात पाडते. हुकूम राजाचा होता आणि राजाची इच्छा चांगली होती. तरी कोलंबियातून शिकून आलेल्या त्या विद्वानाला बडोद्यात राहता आले नाही. कारण फायल हातात द्यावयाची की टाकावयाची, हे महाराज ठरवीत नव्हते. ते त्या खोलीत ठरत होते. आज घटनेचे सोळावे कलम आहे, अनुसूचित जातींना १५ टक्के आणि जमातींना साडेसात टक्के जागा आहेत, १९९२ च्या निकालानंतर इतर मागासवर्गीयांना २७ टक्के, २०१६ च्या कायद्याने अपंगांना ४ टक्के, २०१९ पासून आर्थिक दुर्बलांना १० टक्के. खोली मात्र अजून खोलीच आहे.

१९९८ साली आम्ही याच शहरात, एका कचेरीत विभागप्रमुख होतो. नागपूरकडून बदली होऊन एक गृहस्थ आमच्या विभागात आले. मराठी माणूस आला म्हणून आम्हांस मनापासून आनंद झाला. चहा मागविला. त्यांनी आपले नाव सांगितले, वडिलांचे नाव सांगितले, अमरावती जिल्ह्यातील गाव सांगितले. आम्ही विचारले, 'आडनाव?'

इतर प्रांतांत राहिल्यावाचून या प्रश्नाचे स्वरूप मराठी माणसाच्या लक्षात येत नाही. दक्षिणेकडील आमचे सहकारी नावाआधी दोन अक्षरे लिहितात, त्यांत गाव आणि वडील आले की संपले. उत्तरेत कित्येकजण नुसते 'कुमार' किंवा 'प्रसाद' लिहून आयुष्य काढतात, आणि ते तसे का लिहितात हेही आता आम्हांस कळते. आपण नाव ऐकतो, गाव ऐकतो आणि तरीही थांबत नाही. आडनाव हा आपल्याकडे माणसाचा पत्ता आहे. घर कोणत्या वस्तीत असावे ते त्यावरून ताडता येते. त्यांनी आडनाव सांगितले. आम्ही 'अस्सं' म्हणालो. आमच्या त्या 'अस्सं'मध्ये काय होते ते त्यांनी ओळखले, कारण आयुष्यभर त्यांनी तेच ऐकले होते.

आम्ही त्यांच्याशी कधी वाईट वागलो नाही. हे वाक्य लिहिताना लेखणी अडखळली, तरी ते तसेच ठेवतो, कारण त्या काळात कोणी विचारले असते तर आम्ही हेच उत्तर दिले असते. कामात ते चोख होते; त्यांचे टिपण वाचले की मूळ फायल उघडावी लागत नसे. त्यांच्या टेबलावर घरून आणलेला एक स्टीलचा पेला असे. चहा, पाणी, सर्व ते त्यातच घेत. कचेरीचे कप विसळलेले नसतात म्हणून असेल, असे आम्ही धरून चाललो. वर्षभराने सहज विचारले, तेव्हा म्हणाले, 'एका हापिसात कोणीतरी विचारलं होतं, हा कप कोणी वापरला म्हणून. पुन्हा विचारायचं काम पडू नये साहेब.' आणि पुढील कागद समोर घेतला.

त्यांच्या शेजारी स्थानिक गृहस्थ बसत. त्यांची बढती काही वर्षे अडली होती आणि ते दुःख खरे होते. घरी लग्नाच्या दोन मुली, आणि मागून आलेले पुढे गेलेले. १९९५ च्या ७७ व्या घटनादुरुस्तीने बढतीतील आरक्षण कायम राहिले होते आणि ज्येष्ठतेचे वाद प्रत्येक कचेरीत धुमसत होते. त्या नियमांवर या गृहस्थांनी संघटनेत भांडावे, न्यायालयात जावे. तो त्यांचा हक्कच होता. पण नियम दिल्लीत होता आणि आमचे मराठी सहकारी हाताच्या अंतरावर होते. एके दुपारी ते सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले की, कोट्यातून आलेल्यांना टिपणे लिहिता आली म्हणजे नवलच. खोलीत अकरा माणसे होती. आम्ही त्यांचे वरिष्ठ होतो. आम्ही समोरच्या फायलीत मान घातली.

त्याच सुमारास आरक्षणाची रोस्टरे नव्याने मांडण्याचे काम आमच्याकडे आले. सबरवाल प्रकरणातील १९९५ च्या निकालानंतर जुलै १९९७ मध्ये नवे आदेश निघाले होते आणि रिक्त जागांऐवजी पदांवर आधारलेली नोंदवही तयार करावयाची होती. प्रत्येक कर्मचाऱ्याची मूळ शिफारस काढून त्याचा बिंदू ठरवावयाचा. जो राखीव प्रवर्गातील असूनही कोणतीही सवलत न घेता निवडला गेला, त्याची नोंद राखीव जागेत होत नाही. आमच्या या सहकाऱ्यांचे कागद काढले, तर ते खुल्या जागेवर आलेले!

आम्हांस फार बरे वाटले. आजही शरम वाटते ती त्या बरे वाटण्याचीच. संध्याकाळी त्यांना बाजूला बोलावून, एखादी आनंदाची बातमी द्यावी तसे ते सांगितले आणि 'आता शेजाऱ्यांनाही सांगून टाकतो' असे म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, 'माझा धाकटा भाऊ राखीव जागेवर लागला आहे साहेब. त्याचं काय सांगाल?'

आम्हांपाशी उत्तर नव्हते. शेजाऱ्यांना आम्ही काहीच सांगितले नाही. सांगावयाचे होते ते दुसरेच होते, आणि ते त्या दुपारी सांगावयाचे होते.

आता हे मंडळाच्या व्यासपीठावर कशासाठी, असे कोणास वाटेल. ते राहत होते आपल्या या सभागृहापासून चार गल्ल्या पलीकडे. रुजू झाल्याच्या पहिल्याच महिन्यात आम्ही त्यांच्याकडून गणेशोत्सवाची वर्गणी घेतली होती. पावती आमच्याच हस्ताक्षरात आहे. कार्यक्रमाला मात्र 'या' असे आवर्जून म्हणावयास आम्हांस पुढच्या वर्षीची कोजागिरी उजाडली. ते आले, पत्नी आणि सात-आठ वर्षांची मुलगी बरोबर होती. मुलगी येथील हिंदी शाळेत जात होती आणि इतकी मराठी मुले एका ठिकाणी पाहून हरखून गेली होती. त्यांच्या पत्नीभोवती आपल्या भगिनी जमल्या. 'कुठल्या तुम्ही?' 'माहेर कुठलं?' 'आडनाव काय म्हणालात?' कोणी वावगे बोलले नाही. आटीव दूध दिले, पुन्हा आग्रह केला. फक्त हळूहळू त्या घोळक्यातील बोलणे दुसऱ्या विषयाकडे वळले आणि घोळकाही थोडा सरकला. आमचे सहकारी लांबून पाहत होते. आम्ही त्यांना पाहताना पाहिले. साडेनऊला ते निघाले. मुलीला यावयाचे नव्हते. पुढे २००१ साली नागपुरास परत जाईपर्यंत ते मंडळात आले नाहीत. आम्हीही विचारले नाही. वर्गणी मात्र दरसाल घेत गेलो.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चिटणीस जुन्या पावतीपुस्तकांवरून पन्नास वर्षांच्या सभासदांची नावे उतरवीत आहेत. मागच्या महिन्यात ते आमच्याकडे आले आणि १९९८ ते २००० च्या पावत्यांवरील एका नावावर बोट ठेवून म्हणाले, हे कोण, कोणाला आठवत नाहीत. नाव घालावे की गाळावे? ज्या भगिनी त्या रात्री घोळक्यात होत्या त्यांनाही आठवत नव्हते. आम्ही नाव घालावयास सांगितले. संपूर्ण नाव.

नंतर पत्ता मिळवून आम्ही त्यांना या सोहळ्याचे निमंत्रण पाठविले. सोबत पत्र लिहिले. वर सांगितलेले बरेचसे त्यात होते. गेल्या आठवड्यात त्यांचे उत्तर आले. अक्षर पूर्वीसारखेच नेटके आहे. ते निवृत्त झाले आहेत. मुलगी केंद्र सरकारच्याच नोकरीत आहे आणि सध्या दक्षिणेत असते. तेथील भाषा तिला चांगली येऊ लागली आहे. गावाकडे यंदा पाऊस उशिरा झाला. मंडळास पन्नास वर्षे झाल्याबद्दल त्यांनी अभिनंदन केले आहे. येण्याविषयी पत्रात काही नाही.